माइक कुठे लावावा

मोबाइलसमोर बसून स्वतःचे चित्रण करताना उजेड कसा घ्यावा, याविषयी गेल्या महिन्यात लिहिले होते. आवाजाचा विषय पुढील लेखात घेईन, असे तेव्हा आश्वासन दिले होते. ते लिहिताना हा विषय मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मधल्या चार आठवड्यांत ती समजूत बरीच खाली आली. कशी, ते आधी सांगतो.

माझे वडील एप्रिलपासून आमच्याकडे, एडिसनला, राहायला आले आहेत. सहा महिन्यांचा मुक्काम आहे, ऑक्टोबरात परत जातील. अमरावती जिल्ह्यात ते एस.टी.चे वाहक होते. शाळा, वसतिगृह, नोकरीची पहिली वर्षे, हे सारे त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगून ठेवावे असा माझा हट्ट होता. मी समोर बसून प्रश्न विचारू लागलो, तर दोन वाक्यांतच ते थांबले. “तू समोर बसला का मले बोलताच येत नाही,” म्हणाले. तेव्हा त्यांनी सकाळी, घर रिकामे असताना, एकट्यानेच बोलावे असे ठरले. मी कॉलर माइक आणला, त्यांच्या सदऱ्याला लावला, मोबाइल तिपाईवर बसवला, कोणते तांबडे बटण दाबायचे ते दाखवले आणि कामावर गेलो.

संध्याकाळी पाहिले. चित्र उत्तम होते. आवाज मात्र खोल विहिरीतून यावा तसा. वडील चाळीस मिनिटे बोलले होते. त्यातील अकरा मिनिटे चौथीच्या वर्गाविषयी होती. वर्गात त्यांना कुठे बसवत आणि पाणी पिण्यासाठी कुठवर जावे लागे, ती हकिगत. हा भाग आला की त्यांचा आवाज आपोआप उतरतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. चित्रात त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होता तो छतातून वाहणाऱ्या एसीचा वारा.

दोष पाच मिनिटांत सापडला. आणलेला माइक कॅमेऱ्यासाठीचा होता. त्याच्या टोकावर दोन काळी वलये होती. मोबाइलच्या जोडणीला तीन वलयांचे टोक लागते. दोन वलयांचे टोक दिसले की मोबाइल त्याला नुसते हेडफोन समजतो आणि तक्रार न करता स्वतःच्या अंगातील माइक वापरतो. तो माइक वडिलांपासून पाच फुटांवर होता. सदऱ्यावरचा माइक अकरा मिनिटे शोभेला होता. मी संगणक अभियंता आहे, पदव्युत्तर पदवी आहे, आणि एकदाही ऐकून न पाहता घराबाहेर पडलो होतो.

मी त्यांना तो भाग पुन्हा सांगण्याची विनंती केली. त्यांनी सांगितला, तीन वाक्यांत. मी आणखी विचारले, तर म्हणाले, “ते त सांगून झालं ना आता.”

म्हणून या लेखातील पहिली गोष्ट खरेदीची नाही. माइक लावल्यावर त्याच्या जाळीवर नखाने हलकेच खाजवावे, पंधरा सेकंद चित्रण करावे आणि हेडफोन लावून ऐकावे. खरखर मोठी आणि जवळून आली, तर तोच माइक चालू आहे. दूरची, बारीक आली, तर दुसराच कोणी ऐकत आहे. ब्लूटूथचे कानातले माइक वापरणाऱ्यांनी हे आवर्जून करावे, कारण त्यांचा माइक चालू झाला की अनेकदा आवाजाचा दर्जा जुन्या टेलिफोनइतका खाली येतो.

आता अंतराविषयी. मोकळ्यात बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब निम्मा होतो. अभियंते यालाच सहा डेसिबलची घट म्हणतात. तोंडापासून २० सेंटिमीटरवरचा माइक १६० सेंटिमीटरवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट होते आणि दाब आठव्या हिश्शावर येतो. खोलीत भिंतींवरून परतणारा घुमारा आणि यंत्रांची घरघर मात्र जवळ-दूर फारशी बदलत नाही. म्हणजे माइक दूर नेल्याने आवाज नुसता लहान होत नाही, तो खोलीत बुडतो. नंतर कितीही वाढवला, तरी खोलीही त्याच्याबरोबर वाढते. भारी किमतीचा माइक पाच फुटांवर आणि साधा माइक एका विटीवर, यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन. (वीत म्हणजे मोठ्या माणसाचा पसरलेला पंजा. कॉलर माइकसाठी तेच माप सोयीचे: हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यावर.)

मराठी बोलणाऱ्याला घुमारा विशेष नडतो, असे माझे निरीक्षण आहे. आपल्या भाषेत दार आणि धार, गार आणि घार, पळ आणि फळ यांतला भेद एका क्षणाच्या श्वासावर उभा आहे. घुमणाऱ्या खोलीत आधीच्या अक्षराची शेपटी त्या श्वासावर येऊन पडते आणि ऐकणाऱ्याला शब्द अंदाजाने ओळखावा लागतो. भारतात बसून मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ऐकणारी आत्या हा अंदाज किती वेळ करत बसेल?

तोच श्वास माइकच्या अगदी समोर आला तर उलटा त्रास. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत निघतो आणि पडद्यावर आदळून ‘धप्’ असा आवाज होतो. आपल्या मंडळींची घरगुती चित्रणे मी या महिन्यात पुन्हा ऐकली. बहुतेकांत पहिला धप् ‘जय भीम’मधील भ वर आहे. त्यासाठी जाळी विकत मिळते, पण मेजावरचा माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, तोंडाकडेच वळवून ठेवला, तर झोत शेजारून निघून जातो. छातीवरच्या माइकला हा त्रास कमी असतो. त्याला त्रास होतो तो नाकातून खाली येणाऱ्या श्वासाचा. स्पंजची टोपी काढून टाकू नये.

खोलीविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण भाड्याच्या घरात आपण भिंती बदलू शकत नाही. इथल्या घरांत लाकडी जमीन, पोकळ भिंती आणि मोठ्या काचा. बैठकीची खोली दिसायला सुंदर आणि बोलायला वाईट. कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळ, गाद्या-उशांच्या खोलीत बोलावे. आईने दिलेल्या दोन गोधड्या मी वडिलांच्या समोर, कॅमेऱ्याच्या मागे, दोरीवर टांगल्या. पाठीमागे टांगण्यापेक्षा तोंड ज्या दिशेला आहे तिथे टांगलेल्या गोधडीचा उपयोग अधिक, कारण आवाज आधी तिथेच जातो. एसी तेवढा वेळ बंद. फ्रिज बंद केलात तर मोटारीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी. मग तो पुन्हा चालू केल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही.

माइक कोणता, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. कंडेन्सर जातीचा मोठा माइक संवेदनशील असतो; तो आपल्याला ऐकतो तसाच शेजाऱ्यांचे गवत कापणारे यंत्रही ऐकतो. डायनॅमिक जातीचा माइक तितका हळवा नसतो, पण त्याला तोंड चार बोटांवर लागते. १९६६ पासून सभा-संमेलनांत दिसणारा शूअरचा एसएम५८ या जातीचा. गोंगाटाच्या घरात मेजाशी बसून बोलणाऱ्यांनी तोच घ्यावा, मात्र चेहऱ्यापुढे तो दिसणार हे मान्य करून. कॅमेऱ्यावर चढवायचा लांबट शॉटगन माइक मोकळ्या जागेत चांगला. लहान, घुमणाऱ्या खोलीत भिंतीवरून परतलेला आवाज त्याच्या नळीत शिरतो आणि बोलणे पोकळ वाटू लागते. आठ बाय दहाच्या खोलीत तो लावून निराश झालेले दोघे जण माझ्या ओळखीचे आहेत.

वडिलांना चेहऱ्यापुढे काही नको होते, म्हणून मी कॉलर माइकलाच चिकटून राहिलो. फक्त आता तो थेट मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत बसणारा आणला. बिनतारी जोडही चांगले मिळतात, पण दोन डब्या चार्ज करणे आणि चालू-बंद करणे त्यांच्यावर सोपवायचे नव्हते.

या वाटाण्याएवढ्या माइकविषयी थोडे अवांतर लिहितो. आमच्या एडिसनच्या हद्दीतल्या मेन्लो पार्कमध्ये १८७७ साली थॉमस एडिसनने ध्वनी साठवून पुन्हा ऐकवणारे यंत्र केले. त्याचे स्मारक इथे आहे. ते दाखवायला आपण पाहुण्यांना नेतो. मोटारीने अर्ध्या तासावर मरे हिल येथे बेल लॅब्ज आहे, तिथे सहसा कोणी कोणाला नेत नाही. १९६२ साली तिथे जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला. विद्युतभार कायम धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा त्यात असतो, त्यामुळे आधीच्या कंडेन्सर माइकच्या पडद्याला भारित ठेवण्यासाठी लागणारा बाहेरचा विद्युतदाब टळला आणि माइक लहान व स्वस्त झाला. सदऱ्याला लावायचे बहुतेक माइक आजही याच जातीचे. जेम्स वेस्ट कृष्णवर्णीय, जन्म १९३१, व्हर्जिनिया. भौतिकशास्त्र शिकायचे म्हटल्यावर वडिलांनी त्यांची भेट डॉक्टरेट मिळवलेल्या तीन कृष्णवर्णीयांशी घालून दिली, आणि त्या तिघांनाही मिळालेली सर्वांत चांगली नोकरी पोस्टातली होती, असे वेस्ट यांनीच सांगितले आहे. मी हे वडिलांना सांगितले. त्यांनी माइक हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, “मंग शिकला का तो?” शिकले, म्हणालो.

लावण्याच्या कामात हात बसायला वेळ लागतो. वडिलांच्या खिशात चष्म्याचे घर आणि पेन असते. पहिल्या दिवशी तीच खडखड आली. भगिनींच्या बाबतीत अडचण पदराची. माइक पदराखाली ब्लाउजला लावला, तर कापड त्यावर घासत राहते. त्यापेक्षा पदर दोन पिनांनी पक्का करून माइक त्याच्या बाहेरच्या काठावर लावावा. मण्यांची माळ तेवढ्यापुरती काढावी आणि बांगड्यांचे हात मेजावर टेकू नयेत. खळ घातलेली सुती साडी व रेशमी साडी जास्त सळसळते, धुवून मऊ झालेली कमी. तारेचा छोटा वेढा करून तो चिकटपट्टीने कापडाला धरावा, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही.

राहिली आवाजाची पातळी, आणि माझ्या घरी हाच मुद्दा महत्त्वाचा होता. मोबाइल बहुधा पातळी आपणहून वर-खाली करतो. माणूस थांबला की तो कान टवकारतो आणि त्या शांततेत फ्रिजची घरघर फुगते. ज्या अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करता येते ते घ्यावे आणि बोलणाऱ्याच्या सर्वांत मोठ्या आवाजाला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. वडिलांचा सर्वांत मोठा आवाज बसमधील भांडणाच्या गोष्टीत लागतो. मी तीच गोष्ट त्यांना चाचणीसाठी सांगायला लावली. हळू बोललेले नंतर वाढवता येते. माइक जवळ असल्याने त्याच्याखाली घरघर फार नसते. काटा शून्याला भिडून फाटलेल्या आवाजाला मात्र उपाय नाही.

आता माइक, मोबाइल आणि खुर्ची जागेवरून हलत नाहीत. जमिनीवर खुर्चीच्या पायांच्या खुणा केल्या आहेत. चौथीच्या वर्गाचा विषय मी पुन्हा काढलेला नाही. गेल्या मंगळवारच्या चित्रणात ते वसतिगृहातील जेवणाविषयी सांगत होते. सांगता सांगता आवाज उतरला, कुजबुजीपर्यंत गेला, आणि शब्दन् शब्द ऐकू आला. परत जायला सात आठवडे आहेत. रोज सकाळी मी बूट घालत असताना आतून नखाची खरखर येते, मग थोडी शांतता, मग वडिलांची हाक: “आली खरखर. जाय तू आता.”