केलेलें जाणणें

'कृतज्ञ' ह्या शब्दाचा विग्रह आम्हीं उभ्या नोकरींत किती वेळां फळ्यावर लिहिला असेल, त्याची गणती नाहीं. कृतं जानाति इति कृतज्ञः. केलेलें जो जाणतो तो. पाणिनीच्या 'आतोऽनुपसर्गे कः' ह्या सूत्राचा उल्लेख विसरणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्धा गुण आम्ही निर्दयपणें कापीत असूं. ह्या शब्दांत 'आभार' कोठेंच नाहीं, आहे तें केवळ जाणणें. परंतु इकडे आमचें स्वतःचें लक्ष गेलें तें सेवानिवृत्तीनंतर, आणि तेंही एका फजितीमुळें. ती फजिती आज वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या घरांत लहानमोठीं नऊ माणसें. थोरल्या सूनबाई घर सांभाळून बँकेंत नोकरी करतात. गेल्या श्रावणापासून त्यांचें डोकें सारखें दुखूं लागलें, झोंप लागेना, मुलांवर चिडणें वाढलें. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, रोग कांहीं नाहीं, ताण आहे. रोग नाहीं एवढें ऐकून घरांतील मंडळींस हायसें वाटलें व जो तो आपापल्या कामास लागला. वास्तविक हान्स सेल्ये ह्या शास्त्रज्ञानें १९३६ सालींच उंदरांवरील प्रयोगांतून दाखविलें होतें कीं, त्रास कोणत्याही प्रकारचा असो, तो फार झाला म्हणजे शरीरांत बहुधा तेच ते बिघाड होतात. मूत्रपिंडांवरील ग्रंथि वाढतात, जठरांत व्रण पडतात. ताण म्हणजे नुसती मनाची कल्पना नव्हे.

आम्हीं मात्र उपाय शोधिला. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलो ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा २००३ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आमच्या वाचनांत आला होता. त्यांनीं विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटानें दर आठवड्यास धन्यता वाटावी अशा पांचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या, दुसऱ्यानें त्रासाच्या, तिसऱ्यानें नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटास आपलें आयुष्य एकंदरींत अधिक चांगलें वाटूं लागलें व त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी दिसल्या. मास्तराची वहीवर श्रद्धा असावयाचीच! आम्हीं दोनशें पानी वही आणून सूनबाईंच्या हातीं दिली व म्हटलें, "रोज निजण्यापूर्वीं तीन चांगल्या गोष्टी लिहीत जा. डोकें हलकें होईल." "बरं, मामंजी," म्हणून त्यांनीं ती घेतली.

आठवड्यानें, जुन्या खोडीप्रमाणें, आम्हीं वही तपासावयास मागितली. (असें कोणत्याही शास्त्रज्ञानें करावयास सांगितलेलें नाहीं.) सातांपैकीं पांच पानें कोरीं होतीं. एकावर लिहिलें होतें, 'गॅस रात्रीं संपला, सकाळीं नाहीं.' दुसऱ्यावर, 'आज मामंजींनीं दुसऱ्यांदा चहा मागितला नाहीं.'

आमचें कुटुंब शेजारीं शेंगा सोलीत बसलें होतें. तें वाचून आमच्याकडे न पाहतां म्हणालें, "अहो, वही चुकीच्या हातीं दिलीत."

त्या रात्रीं आम्हीं ती वही स्वतःच उघडली व त्या दिवशीं उठल्यापासून आमच्यासाठीं कोणी काय केलें, तें लिहावयास बसलों. ऊन पाणी. रक्तदाबाच्या गोळ्या वारांप्रमाणें डबींत भरलेल्या. चष्म्याची निसटलेली दांडी बसविलेली. रात्रीं विसरलेला फोन विजेला लावून ठेवलेला. भात थोडा अधिक शिजवून वेगळा काढलेला, कारण तीन वर्षांपूर्वीं आमच्या दाढा काढल्या. जेवणापर्यंतच सतरा बाबी झाल्या. सतरांपैकीं अकरांपुढें नांव एकच होतें, आणि घडतांना त्यांतील एकही आम्हांस दिसली नव्हती. अर्धा अर्धा गुण कापणाऱ्या आम्हांस ह्या पेपरांत किती मिळाले असते, तें सांगावयास नको.

आपल्याकडे कृतज्ञतेचें शिक्षण नाहीं असें मुळींच नाहीं. रामायणाच्या आरंभीं वाल्मीकि नारदास ज्या गुणांचा पुरुष विचारतो, त्यांत कृतज्ञ हा गुण आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे तूप-हळदीनें मळतात. पितृपक्षांत ज्यांस कोणी नाहीं अशांसही पाणी देतात. पण पानावरून उठतांना आपण 'अन्नदाता सुखी भव' म्हणतों, आणि जिनें अन्न शिजविलें ती अजून जेवावयाची असते! जिच्यावर ओझें आहे तिलाच 'सुख मोज' म्हणून सांगणें, हें तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणें होय; आम्हीं वही देऊन नेमकें तेंच केलें होतें.

मार्टिन सेलिगमन व त्यांचे सहकारी यांच्या २००५ सालच्या प्रयोगांत कांहीं जणांस, ज्यांचे आभार राहून गेले अशा व्यक्तीस पत्र लिहून तें स्वतः नेऊन देण्यास सांगितलें होतें. त्यांचा आनंद प्रथम सर्वांहून अधिक वाढला, परंतु तीन महिन्यांनीं तो उरला नाहीं. रोज तीन चांगल्या गोष्टी त्यांच्या कारणांसह लिहिणाऱ्यांचा मात्र सहा महिने टिकला. शाल-श्रीफळ देऊन एकदांच मोकळें होण्याची सोय येथें नाहीं तर!

दुसऱ्या दिवशीं बोलावयाचें ठरविलें, पण शब्द सुचेना. 'आभारी आहे' म्हणावें तर सभा संपल्यासारखें वाटे. नातू म्हणाला, "आजोबा, थँक्यू म्हणा ना." तेंही जिभेवर येईना. शेवटीं स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून म्हटलें, "माझा भात तूं वेगळा मऊ काढतेस, हें मला तीन वर्षांत कळलं नव्हतं." सूनबाईंचा हात थबकला. "तुम्हांला चावत नाहीं ना, मामंजी," एवढेंच म्हणून त्यांनीं गॅस बारीक केला.

तेव्हांपासून गोळ्यांची डबी आम्हीच भरतों. दुसरा चहा आम्हीच करतों. रविवारीं रात्रीं दोघे मुलगे वाढतात व बायका आधीं जेवतात; धाकट्यानें प्रथम कुरकुर केली, ती विरली. सूनबाईंची डोकेदुखी गेली असें लिहिलें तर खोटें होईल. महिनाअखेरीस बँकेंत काम वाढलें कीं ती उठतेच. झोंप मात्र बरी लागते, असें त्या म्हणतात.

वही आमच्या उशाशीं असते. परवां तींत आमच्या मजकुराखालीं त्यांच्या धाकट्या मुलाच्या अक्षरांत एक ओळ सांपडली: 'आज आजोबांनीं दूध उतूं घालवलं. आई खूप हसली.'