बालून म्हणा, चोक म्हणा, पण लावा!

डायपोल अँटेनाला बालून लावायचा की नाही, यावर हॅम मंडळींमध्ये जेवढा वाद होतो तेवढा पोह्यात बटाटा घालावा की नाही यावरसुद्धा होत नसेल. एक पक्ष हमखास म्हणतो, "काही गरज नाही, मी वीस वर्षं बिनबालूनचाच जगभर बोलतोय." खोटं नाही ते. बोलता येतं. पण हा सल्ला शेतातल्या घरात राहणाऱ्याने द्यावा. बोरिवली-मुलुंडच्या सोसायटीत, जिथे अँटेना सामाईक गच्चीवर असते आणि केबल शेजाऱ्यांच्या खिडक्यांना लागून खाली उतरते, तिथे चोक न लावता ट्रान्समिट करणं मला चक्क बेजबाबदारपणा वाटतो. मत जरा टोकाचं आहे, पण कारणं तर ऐका.

छंद नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४० मीटर बँडवर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल म्हणजे साधारण २० मीटर तार, मधोमध तोडलेली. आपल्याकडे पाण्याच्या टाकीवर एक पाइप उभा करायचा आणि तारेचे दोन्ही हात उतरते बांधायचे, उलटा व्ही. एका हाताला कोॲक्स केबलची मधली तार, दुसऱ्याला वरची जाळी. झाला डायपोल!

गोची इथेच आहे. केबलला तारा दोन दिसतात, पण रेडिओच्या प्रवाहासाठी त्या तीन असतात. ७ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागात जेमतेम ०.०२५ मिमी शिरतो. त्यामुळे जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू या दोन वेगळ्या तारा ठरतात. आतून वर आलेल्या प्रवाहाला जाळीच्या टोकाशी दोन वाटा मिळतात: एक डायपोलचा दुसरा हात, दुसरी जाळीच्या बाहेरून परत खाली. म्हणजे केबल हा अँटेनाचा तिसरा हात होतो, आणि हा हात नेमका लोकांच्या बेडरूमजवळून जातो.

किती प्रवाह खाली येणार, ते केबलच्या लांबीवर ठरतं. रेडिओ अर्थ केलेला असेल आणि केबल अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास असेल, तर वरच्या टोकाला ही वाट सगळ्यात सोपी होते. आता हिशोब करा. सात मजली इमारत, मजला तीन मीटरचा, तुम्ही राहता पहिल्या मजल्यावर. गच्चीवरून केबल किती लागली? वीस मीटर! आपल्या उपनगरातल्या इमारती जणू या त्रासासाठीच बांधल्यात.

मुलुंडच्या एका मित्राचं असंच झालं. तो "सीक्यू, सीक्यू" म्हणाला की चौथ्या मजल्यावरच्या काकांच्या होम थिएटरमधून बदक बोलल्यासारखा आवाज यायचा. काकांनी कमिटीला पत्र दिलं. परवानगी मागताना मित्राने २६ जुलै २००५ च्या पुरात फोन कसे बंद पडले होते वगैरे सांगितलं होतं, पण बदकापुढे ते काय टिकणार? शेवटी टाकीवरच्या पाइपशी चोक बसवला, बदक गेलं, गच्ची वाचली. लायसन्स सरकार देतं, पण अँटेना उभी राहते ती शेजाऱ्यांच्या मर्जीवर.

"पण माझा एसडब्ल्यूआर १.१ आहे!" हे उत्तर तर ठरलेलं. आमच्या ऑफिसात याला "सगळ्या टेस्ट पास आहेत" म्हणतात :-) एसडब्ल्यूआर मीटर केबलच्या आतलं सांगतो, बाहेरच्या प्रवाहाचा त्याला पत्ताच नसतो. सोपी परीक्षा म्हणजे केबल हाताने धरा, हलवा, दोन मीटरचा तुकडा जोडा. काटा बऱ्यापैकी हलला तर बाहेरून काहीतरी वाहतंय.

आता नावाचा घोळ. लॅमिंग्टन रोडला जाऊन "बालून द्या" म्हणालात तर टीव्हीचा मिळेल. जुन्या दूरदर्शन अँटेनाची ३०० ओहमची चपटी वायर ७५ ओहमच्या केबलला जोडणारा तो चिमुकला बालून. त्याचं प्रमाण चारास एक, आणि तो फक्त ऐकण्यापुरता. त्याचा कोअर मात्र फेकू नका. अश्हर फरहान यांच्या बिटएक्स ट्रान्सीव्हरमध्ये असलेच टीव्ही बालूनचे कोअर वापरलेत. पण डायपोलला हवा एकास एक करंट बालून. गुस्ताव गुआनेल्ला यांनी १९४४ मध्ये मांडलेली ही कल्पना, आणि केबलचा चोक हे तिचंच साधं रूप. वॉल्टर मॅक्सवेल यांनी १९८३ मध्ये केबलवर चक्क फेराइटचे मणी ओवून तेच काम केलं.

नुसती केबल पीव्हीसी पाइपावर गुंडाळून केलेला चोक मला पटत नाही. फुकट आहे, मान्य. पण तो एखाद्या बँडपुरता चालतो, आणि नुसताच इंडक्टिव्ह असल्याने केबलच्या लांबीशी जुळून कधीकधी उलटा त्रास वाढवतो. लॅपटॉपच्या वायरवरचा फेराइट एकदाच ओवला तर ७ मेगाहर्ट्झला जवळपास निरुपयोगी. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, दहा वेढे म्हणजे ढोबळमानाने शंभरपट. सुमारे ६ सेंमी व्यासाची मिक्स ३१ ची रिंग आणि आरजी-५८ चे १२ वेढे, एवढ्यात काही हजार ओहम मिळतात. रिंग महाग पडते, पण आपण रेडिओवर किती उधळतो हे घरी सांगतो का?

आणि ट्रान्समिट सोडा, ऐकण्यासाठी तरी लावा. प्रत्येक घरात एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एसी, वर लिफ्टची मोटर. हा सगळा गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगाने वर चढतो आणि डायपोलच्या तोंडाशी आत शिरतो. माझ्याकडे चोकनंतर गोंगाट एस-७ वरून एस-५ वर आला. डायपोल स्वतः हवेतून पकडतो तो गोंगाट राहतोच, त्याला इलाज नाही.

एक चोक वर, जमलं तर दुसरा रेडिओजवळ. वरचा वायरिंगच्या पीव्हीसी डब्यात ठेवा, सांधे टेपने बंद करा आणि डब्याला खालून एक बारीक भोक ठेवा. मुंबईचा पाऊस कुठून ना कुठून आत जाणारच, त्याला बाहेर पडायला जागा हवी.