दिसत नाही, मग पोर कसं सांभाळेल?

दृष्टिहीन आईला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. पण ताडोब्याच्या वेशीवरचं मोहर्ली बघा. वाघाच्या शेजारी राहायचं, तर अंधार पडल्यावर पोरांवर लक्ष ठेवणं डोळस आईलाही एकटीला जमत नाही. शेजारपाजारची मदत सगळ्याच घेतात. मग शंका एकीवरच का?

रांगणाऱ्या बाळाच्या पायात घुंगरू बांधलं की ते कुठं आहे, हे कानांना कळतं. अडतं ते औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांपाशी आणि अंगणवाडीतल्या बाळाच्या वाढीच्या रंगीत तक्त्यापाशी.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये दिव्यांग स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठी आधार देण्याची तरतूद आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या दिव्यांग महिलांसाठी २०१७ मध्ये महिना ३००० रुपये बालसंगोपन भत्ता ठरला, मूल दोन वर्षांचं होईपर्यंत. पण तो नोकरीला बांधलेला. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आईच्या बाळाला कमी दूध लागतं का?

सुटीत गावी गेलात की अंगणवाडीत एवढंच विचारा: हा तक्ता तिला कोण वाचून दाखवतं?