किल्ल्यात चूक काढण्यापूर्वी

दिवाळी आली की अंगणोअंगणी पोरांचे किल्ले उभे राहतात. दगड-विटांचे तुकडे रचायचे, वर पोते टाकायचे, चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे आणि माथ्यावर महाराज बसवायचे.

दोन वर्षांमागे पुतण्याच्या किल्ल्यापुढे उभा राहून मी चेष्टेने म्हणालो, "हा रायगड की उकिरडा?" सगळे हसले. पोरगा हसला नाही. पुढच्या दिवाळीला त्याने किल्लाच केला नाही. शब्द माझा, नुकसान त्याचे.

यंदा मीच त्याला माती चाळून दिली. किल्ला झाल्यावर म्हणालो, "बाळा, गड दाखव." त्याने बाजारपेठ, गंगासागर तलाव, टकमक टोक दाखवले. मग मी बोललो, "बाजारपेठ नामी झाली. पण दरवाजा लांबूनच दिसतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. अगदी जवळ येईपर्यंत शत्रूला तो दिसत नसे." पोरगा जरा फुगला. "बघतो तात्या," एवढेच म्हणाला. सकाळी पाहतो तो वाट वळलेली आणि बुरूज पुढे आलेला!

तेव्हा मंडळी, आधी पोराला बोलू द्या. चांगले ते नावाजा, चूक एकच दाखवा आणि तिचे कारण सांगा. स्वतः चिखलात हात घालू नका. पोरांनो, तुम्हीही चूक दाखवणाऱ्याला शत्रू समजू नका. ऐकून घ्या. काय बदलायचे ते तुमचे तुम्ही ठरवा.

किल्ला आज ना उद्या ढासळणारच. पोराचा हात चालता राहिला पाहिजे.