सेवेचे पॉइंट्स

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विद्यापीठात सत्र सुरू झालं की हिरवळीवर क्लबांची टेबलं मांडतात. बुद्धिबळवाले, भांगडावाले, डोंगर चढणारे.. आणि हमखास गर्दी असते ती प्री-मेड क्लबच्या टेबलाशी. म्हणजे पुढे मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्यांचा क्लब. या वीकांताला माझं भांडण या टेबलाशी आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे बारावी झाली, नीटमध्ये ७२० पैकी पुरेसे मार्क पडले, की थेट एमबीबीएस. इथे मेडिकल कॉलेज पदवीनंतर. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सने पदवीची अट घातली आणि १९१०च्या फ्लेक्सनर अहवालानंतर आधी कॉलेजात विज्ञान शिकून येण्याची पद्धत देशभर पक्की होत गेली. त्यामुळे 'प्री-मेड' हा बहुतेक ठिकाणी स्वतंत्र विषय नाहीच, ती एक मनःस्थिती आहे. पोरगं इतिहासात पदवी घेत असलं तरी सोबत बायॉलॉजी, फिजिक्स आणि भल्याभल्यांना लोळवणारी ऑरगॅनिक केमिस्ट्री करतं. मग एमकॅट देतं, जिचे गुण ४७२ ते ५२८ यांच्यामध्ये मोजतात (शून्यापासून का नाही, ते मला विचारू नका). आणि मग अर्ज.

खरी गंमत अर्जात आहे. त्यात अनुभव लिहायला १५ रकाने असतात. हॉस्पिटलात स्वयंसेवा, संशोधन, नेतृत्व, आणि 'शॅडोइंग' म्हणजे डॉक्टरच्या मागे मागे फिरून त्याचं काम बघणं. प्रत्येकापुढे तास लिहायचे. किती तास पुरे? याचं एक ठरलेलं उत्तर कुठेच नाही. नीट क्रूर आहे, २०२४ साली तिच्या पेपरफुटीचा तमाशा आपण सगळ्यांनी पाहिला, पण निदान खेळाचे नियम लातूरच्या पोरालाही ठाऊक असतात आणि मुंबईच्याही. इथे निम्मे नियम तोंडी आहेत. ज्याच्या घरात डॉक्टर, त्याला ते जेवणाच्या टेबलावर कळतात.

आपल्या धंद्यात याला ट्रायबल नॉलेज म्हणतात. सिस्टीम कशी चालते हे तिघांच्या डोक्यात असतं, लिहून कुठेच नाही, आणि नवा माणूस सहा महिने चाचपडतो. यावर उपाय एकच, डॉक्युमेंटेशन. प्री-मेड क्लब हे त्या अर्जाचं डॉक्युमेंटेशन असायला हवं. ज्याच्या घरी सांगणारं कोणी नाही त्याला सांगणारा क्लब. बस्स, एवढंच त्याचं काम.

आता अनेक क्लबांत प्रत्यक्षात काय चालतं ते बघा. दर सत्राला वर्गणी. 'सक्रिय सदस्य' राहायचं तर पॉइंट्स जमवायचे. मीटिंगला आलात, इतके पॉइंट. रक्तदान शिबिरात टेबलामागे बसलात, इतके. पिझ्झा पार्टीला आलात तरी पॉइंट! मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, झालंच तर 'इतिहासकार' अशी पदं, त्यांच्या निवडणुका, त्यातलं राजकारण. कारण पद मिळालं की अर्जातला 'नेतृत्वा'चा रकाना भरतो. म्हणजे मदत करायला निघालेली संस्था स्वतःच अर्जातला एक रकाना होऊन बसली.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली मांडलेला आणि त्याच्याच नावाने ओळखला जाणारा नियम आपल्याला ऑफिसात रोज भेटतो. मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप म्हणून कुचकामी होतं. बग किती सोडवले यावर बोनस ठेवा, बग वाढतील. सेवेचे तास मोजा, तास वाढतील. सेवा वाढेल याची हमी कोण देणार?

यात मरतं कोण, ते सांगतो. माझ्या एका मित्राची मुलगी. घरात, नात्यात कोणी डॉक्टर नाही. फीला हातभार म्हणून संध्याकाळी विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये वाढायला उभी राहते. क्लबच्या मीटिंग नेमक्या संध्याकाळी सातला. दोन सत्रं पॉइंट कमी पडले, सदस्य-यादीतून नाव गेलं, आणि त्यासोबत जुन्या विद्यार्थ्यांच्या नोट्सही गेल्या. तिच्याच वर्गातल्या एकाचे वडील हृदयरोगतज्ज्ञ. त्याचं शॅडोइंग वडिलांच्या मित्राला केलेल्या एका फोनवर ठरलं. क्लबची तिला खरी गरज होती आणि त्याला फारशी नव्हती. क्लबमध्ये कोण राहिलं? तो.

आणि हे तिच्या एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०१८ साली आपलीच आकडेवारी मांडली. मेडिकलच्या विद्यार्थ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश हे देशातल्या उत्पन्नाने वरच्या ४० टक्के घरांतले. २०२४ साली सुमारे ५२ हजारांनी अर्ज केले, जागा मिळाली सुमारे २३ हजारांना. इतक्या अटीतटीच्या रांगेत एखादी माहिती वेळेवर कळणं न कळणं यानेही फरक पडतो.

एक साधं उदाहरण. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी याच संघटनेची फी-सवलत योजना आहे. एमकॅटची फी कमी होते, तयारीचं साहित्य मिळतं, वीस कॉलेजांपर्यंत अर्जाची फी माफ होते. मेख एवढीच की सवलत आधी मंजूर करून घ्यावी लागते. पैसे भरून बसलात की ते परत नाहीत. ही एक ओळ पहिल्याच मीटिंगला सांगणारा क्लब, वर्षभर टी-शर्ट विकणाऱ्या क्लबपेक्षा जास्त डॉक्टर घडवेल.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पण पॉइंट नसतील तर पोरं येणारच नाहीत." नसतील येत तर नसू द्या ना! पिझ्झ्यासाठी आणि पॉइंटसाठी येणारी शंभर पोरं जाऊन गरजेपोटी येणारी पंधरा राहिली तर बिघडलं काय? दुसरं उत्तर, "यातून लीडरशिप शिकतात." डायनिंग हॉलमध्ये रात्री दहापर्यंत उभं राहून सकाळी आठच्या लॅबला वेळेवर येणं, यातून काय शिकतात मग? अर्जात बिगर-वैद्यकीय नोकरीसाठीही वेगळा प्रकार आहे, तिथे ते अभिमानाने लिहिता येतं. हेसुद्धा तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मला हवा तो क्लब अगदी साधा आहे. वर्गणी नाही, पॉइंट नाहीत. नोट्स सगळ्यांना खुल्या, सदस्य असो वा नसो. एमकॅटची जुनी पुस्तकं फिरती. शॅडोइंगला अनोळखी विद्यार्थी घेणाऱ्या डॉक्टरांची यादी. हॉस्पिटलपर्यंत न्यायला गाडीवाला सीनियर. आणि ज्याला हा रस्ता झेपत नाही त्याला लाज न वाटता बाहेर पडायचं दार.

आपला मराठी माणूस या देशात डॉक्टर झाला तो अशाच हाताने. आनंदीबाई जोशी १८८३ साली इथे आल्या तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. ओळख काय, तर एका नियतकालिकात यांच्याबद्दल वाचून बाईंनी पत्र लिहिलं होतं. १८८६ साली आनंदीबाई पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. कार्पेंटरबाईंना यासाठी कोणी तास मोजून दिले नव्हते.

आज इथल्या महाराष्ट्र मंडळांत डॉक्टरांची कमी नाही. मित्राच्या मुलासाठी ते आनंदाने फोन करतात, त्यात वाईट काही नाही. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या ओळखीत असा डॉक्टर असेल तर पुढच्या वेळी त्याला दोन पोरं घ्यायला सांगा. एक ओळखीचं आणि एक बिनओळखीचं. क्लब सुधारायचा तेव्हा सुधारेल.