विश्लेषण : अल्झायमरची खरी सुरुवात कधी होते? ती शोधतात कशी?

अल्झायमरचे निदान बहुधा विसराळूपणा घरच्यांच्या लक्षात आल्यावरच होते. मेंदूतील बिघाड मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. हा काळ मोजण्यासाठी अनेक रुग्णांच्या नोंदी एकाच कालरेषेवर आणाव्या लागतात.

अडचण काय?

सत्तरीतील दोन व्यक्तींपैकी एकाचा आजार नुकताच सुरू झालेला, तर दुसऱ्याचा बळावलेला असू शकतो. त्यामुळे वयानुसार सरासरी काढली की आजाराचे टप्पे एकमेकांत मिसळतात. शिवाय एका रुग्णाचा पाठपुरावा काही वर्षेच होतो. आजार मात्र दशकानुदशके चालतो.

‘शून्य वर्ष’ कसे ठरवले?

अल्झायमरच्या एका दुर्मीळ आनुवंशिक प्रकारात मुलांमध्ये लक्षणे साधारण आई किंवा वडिलांच्याच वयात दिसतात. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘डायन’ अभ्यासाने याचा आधार घेतला. आईला ४८व्या वर्षी लक्षणे दिसली असतील, तर ३८ वर्षांच्या मुलाची नोंद ‘उणे १०’ वर्षांवर मांडली गेली.

त्यातून काय दिसले?

१२८ जणांच्या नोंदींवरील निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदू व मणक्याभोवतीच्या द्रवातील अमायलॉइड बीटा ४२ या प्रथिनाचे प्रमाण अपेक्षित लक्षणांच्या सुमारे २५ वर्षे आधीपासून घटताना दिसले. मेंदूत अमायलॉइड साचणे व मेंदू आकसणे १५ वर्षे आधी, तर प्रसंग लक्षात ठेवण्याची क्षमता मंदावणे १० वर्षे आधी आढळले.

मर्यादा कोणत्या?

हा आलेख एकाच व्यक्तीचा २५ वर्षांचा प्रवास नव्हे. वेगवेगळ्या टप्प्यांवरील माणसांच्या नोंदी जोडून तो तयार झाला. उतारवयातील नेहमीच्या अल्झायमरमध्ये तर पालकांच्या वयावरून शून्य वर्ष ठरवता येत नाही. तेथे संख्याशास्त्रीय पद्धतीने प्रत्येकाच्या नोंदींचा छोटा तुकडा मागेपुढे सरकवून सामाईक आलेखावर बसवतात. पण आजाराचा वेग सर्वांचा सारखा नसतो. प्रकृती ढासळलेले रुग्ण अभ्यासातून आधी गळाले, तर आजार प्रत्यक्षापेक्षा संथ भासतो.

उपचारांशी संबंध काय?

अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेले लेकानेमॅब हे औषध सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांसाठी आहे. ते ऱ्हास काहीसा मंदावते. गेलेली स्मृती परत आणत नाही. म्हणूनच रुग्ण कालरेषेवर नेमका कुठे आहे, हे कळणे मोलाचे ठरते.

भारतासाठी महत्त्व काय?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्याचे प्रमुख कारण. ‘आभा’ क्रमांकामुळे विखुरलेले अहवाल एकत्र जोडता येतात. पण तीच चाचणी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे झाली नसेल, तर नुसत्या जोडलेल्या कागदांतून आजाराची वाटचाल उलगडणार नाही.