ढोली गेली, घुबड गेले

मुंबई - उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी महापालिका रात्रपाळीचे कामगार नेमते, विषारी गोळ्या टाकते, सापळे लावते. हेच काम कोणताही मोबदला न घेता करणारे घुबड मात्र इमारतीच्या पोटमाळ्यावर आढळले, की रहिवासी आधी त्याला हुसकावण्याच्या मागे लागतात. २००५च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने घातलेला धुमाकूळ अनुभवलेल्या शहराची ही वागणूक विसंगतच म्हणावी लागेल.

मुंबईत घुबड म्हणजे एकच पक्षी नव्हे. जुन्या वसाहतींतील वड-पिंपळावर, शिरीषाच्या फांदीवर जोडीने बसणारा, माणसाकडे पाहून मान खालीवर करणारा ठिपकेदार पिंगळा सर्वांत परिचित. त्याचा कर्कश कलकलाट तिन्हीसांजेला सुरू होतो. बदामी आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचे गव्हाणी घुबड पडक्या गिरण्या, गोदामे, उंच इमारतींच्या सांदीकोपऱ्यांत राहते आणि उंदीर सबंध गिळते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व आरेच्या पट्ट्यात यादी आणखी वाढते. तेथे अंगभर आडवे पट्टे असलेला जंगली पिंगळा आहे, तसेच तलावांच्या काठी मासे आणि खेकडे टिपणारे मोठे घुबड आहे. डोक्यावर पिसांची दोन शिंगे मिरवणारे शृंगी घुबड खडकाळ कडेकपारी पसंत करते.

यांतील बहुतेक जातींची खरी अडचण अन्नाची नाही, जागेची आहे. पिंगळा स्वतः घरटे विणत नाही. त्याला जुन्या झाडाची ढोली किंवा भिंतीतील पोकळी लागते. महापालिकेच्या गणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आहेत. हा आकडा समाधानकारक वाटतो, परंतु त्यातून ढोलीयोग्य वृक्ष किती, हे कळत नाही. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक केले. साठ वर्षांच्या वृक्षाच्या जागी साठ रोपे! कागदावर हिशेब जुळतो. पण त्या साठांपैकी एकातही पुढील कित्येक वर्षे ढोली तयार होणार नाही. ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेत दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः संख्येचीच.

दुसरे संकट विषाचे. रक्त गोठू न देणारे उंदीरनाशक खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. सुस्तावलेला असा उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि ते विष त्याच्याही पोटात जाते.

अंधश्रद्धा आहेच. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्याला महाराष्ट्राने 'पिंगळा' हेच नाव दिले, पण त्या पक्ष्याच्या आवाजाला अशुभच ठरवले. उत्तर भारतात लक्ष्मीचे वाहन मानूनही दिवाळीत जादूटोण्यासाठी त्याचा बळी दिला जातो. 'ट्रॅफिक इंडिया'च्या २०१०च्या अहवालात देशातील ३० जातींपैकी १५ जाती अवैध व्यापारात आढळल्याचे नमूद आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे.

शहराला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलात २०१४मध्ये दुर्मीळ रानपिंगळा दिसला. हा पक्षी ११३ वर्षे नामशेष समजला जात होता. १९९७मध्ये तो नंदुरबारलगतच्या सातपुड्यात पुन्हा सापडला. मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत तो आहे, हे तोवर कोणाच्या ध्यानीही आले नव्हते.